नवख्यांच्या वेगाने : पुणे, वाई, महाड, भोर

आमच्या ग्रुपची रविवारची राईड वर्षभर चालू असते. बोपदेव घाट चढून सासवड, खडकवासल्यावरून पानशेत, पाऊस ओसरला की ताम्हिणी. उजाडता निघायचं, मिसळ खायची, जेवायच्या वेळेला घरी. या राईडना दर वेळी कोणी ना कोणी नवीन असतं. पहिलीच गिअरची गाडी घेतलेलं, किंवा शहरात वर्षानुवर्षं चालवूनही कात्रजच्या पलीकडे कधी न गेलेलं. त्यांना बरोबर नेणं हे माझं आवडीचं काम आहे.

हे करता करता माझं एक मत पक्कं झालंय. नवीन माणूस घाटाला घाबरतो, ट्रकला घाबरतो, पण सगळ्यात जास्त घाबरतो तो मागे पडायला. पुढची गाडी वळणाआड गेली की त्याच्याकडून अॅक्सिलरेटरची मूठ आपोआप पिळली जाते. मग तो न झेपणाऱ्या वेगाने वळणात शिरतो, पुढच्याने ओव्हरटेक केलं म्हणून न बघता आपणही करतो. तंत्र नंतर शिकवता येतं. आधी ही भीती काढावी लागते, आणि ती "घाबरू नकोस" म्हटल्याने जात नाही. ग्रुपची बांधणीच तशी करावी लागते.

म्हणून आमच्याकडे सगळ्यात नवीन माणूस दुसऱ्या नंबरवर असतो, थेट लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याच्या, मागे. वेग त्याचा, सगळ्यांनी त्या वेगाने यायचं. शेवटी स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा अनुभवी माणूस. त्याला ओलांडून कोणी मागे राहू शकत नाही. जिथे रस्ता फुटतो तिथे तिसऱ्या नंबरचा जुना रायडर थांबतो, हाताने दिशा दाखवतो, आणि स्वीप दिसेपर्यंत जागचा हलत नाही. त्यामुळे पुढची गाडी दिसत नसली तरी काही बिघडत नाही. फाट्यावर आपलं माणूस उभं असणारच. आणि कोणी उभं नसेल तर सरळ जायचं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

या वेळी २६ जानेवारी सोमवारी आली आणि तीन दिवस हाताशी आले. तीन नवखे तयार होते. कोथरूडच्या बँकेत काम करणारी एक मुलगी, नवी हंटर ही गिअरची मोटरसायकल घेतलेली. त्याआधी दहा वर्षं अॅक्टिव्हा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, पल्सर दीडशेवर. आणि हडपसरचा एक जण, कुरिअरचं काम करतो, दिवसभर स्प्लेंडरवर असतो, पण घाट म्हणून दिवे घाटापलीकडे पाहिलेला नाही. जुन्यांपैकी एक्सपल्स मोटरसायकलवाले दोघे भाऊ, आणि स्वीपला आमचे काका. काका आकुर्डीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि अजूनही त्यांची जुनी बुलेट चालवतात, जिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. हे पुढे कामाला येणार होतं.

शनिवार, २४ जानेवारी : कात्रज ते वाई

सात वाजता कात्रजला जमलो. या दिवसांत उजाडायला सात वाजून जातात, आणि नवख्यांना अंधारात हायवेला नेणं मला पटत नाही. अर्धा तास तपासणीत गेला. स्प्लेंडरची चेन इतकी सैल होती की खालून बोट लावलं तर वरच्या दांड्याला टेकत होती. धाकट्या एक्सपल्सवाल्याने तिथेच स्पॅनर काढून ती ताणली. बँकेतल्या मुलीची सॅक एकाच बंजीवर, म्हणजे हुकाच्या रबरी दोरीवर, लोंबकळत होती. दुसरी बंजी उलटी ओढून फुलीसारखी बांधली. पल्सरवाल्याचं हेल्मेट चांगलं होतं, पण पट्टा मोकळा. काकांनी काही न बोलता तो मागून धरून वर उचलला, हेल्मेट डोक्यातून अलगद निघून काकांच्या हातात आलं. पुढचे तीन दिवस त्याला पट्ट्याची आठवण करावी लागली नाही.

सुरुवात मुद्दाम जुन्या कात्रज घाटाने केली. नव्या बोगद्याने गेलं की ट्रकांच्या गर्दीत माणूस गांगरतो. जुना घाट भिलारेवाडीवरून चढतो, वळणं ओळीने येतात, सकाळी एसटी आणि दुधाच्या गाड्या सोडल्या तर रस्ता मोकळा. वर जुन्या बोगद्यापाशी थांबलो. मी तिघांना एकच प्रश्न विचारला : वळणावर कुठे बघत होतात? पल्सरवाला म्हणाला, रस्त्यावर. कुरिअरवाला म्हणाला, पुढच्या गाडीच्या चाकाकडे. बँकेतली मुलगी जरा थांबून म्हणाली, "ताई, मी कठड्याकडे बघत होते. आपटायला नको म्हणून."

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते खरं असतं. जे टाळायचंय त्याच्यावरच नजर खिळते, आणि मोटरसायकल नजरेमागे जाते. खड्ड्याकडे टक लावलं की खड्ड्यात, कठड्याकडे बघितलं की कठड्याकडे. मान वळवून, हनुवटी वळवून, वळण जिथे संपतं तिथे बघायचं. नुसते डोळे फिरवून भागत नाही, कारण मान वळली की खांदे वळतात आणि हाताचा ताण सुटतो. शिंदेवाडीकडे उतरताना मी प्रत्येक वळणावर माझं हेल्मेट मुद्दाम जास्त वळवत होते, तिला मागून दिसावं म्हणून. आरशात बघितलं तर तिसऱ्या वळणापासून तिचंही वळायला लागलं होतं.

शिंदेवाडीला घाट हायवेला मिळतो. तिथे थोरला एक्सपल्सवाला उतरून उभा राहिला. हायवेवर एकाआड एक रांग : मी लेनच्या उजव्या अंगाला, माझ्या मागची डाव्या, तिच्या मागचा पुन्हा उजव्या. शेजारच्या तिरक्या गाडीपासून एक सेकंद, सरळ रेषेत पुढे असलेल्या गाडीपासून दोन सेकंद. सेकंद मोजायला सोपं आहे, पुढची गाडी खांबापाशी गेली की आपण तिथे पोहोचेपर्यंत "एकशे एक, एकशे दोन" म्हणायचं. मीटरचा हिशेब पळत्या गाडीवर कोणाला जमत नाही. ताशी साठच्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळजवळ सतरा मीटर जाते, ब्रेकला हात लागायच्या आधीच. खेड शिवापूरला दुचाकींना टोल नाही, डाव्या कडेने निघून गेलो. शिरवळच्या अलीकडे नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तिथे पोहे, चहा.

खंबाटकीला ट्रकांची गाठ पडली. साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, ही इथली जुनी पद्धत. चढावर लादलेले ट्रक माणूस चालेल इतक्या वेगाने जातात. वळणावर त्यांचा मागचा भाग आत ओढला जातो, आणि ट्रक नि कठडा यांच्यामध्ये आता होती ती फट दोन क्षणांनी नसते. म्हणून वळणात ट्रकच्या डाव्या अंगाला शिरायचं नाही, कितीही जागा दिसली तरी. सरळ तुकडा आला, पुढे मोकळं दिसलं, की एकेकाने उजवीकडून जायचं आणि प्रत्येकाने स्वतः बघून जायचं. मी पुढे गेले याचा अर्थ तुम्हालाही वाट मोकळी आहे असा होत नाही. मी गेले तेव्हा मोकळी होती, तुमच्या वेळेला कोणी येत असेल. पल्सरवाला इथे एकदा थोरल्याच्या मागोमाग न बघता निघाला, मागून येणाऱ्या कारने कर्कश्श हॉर्न दिला आणि तो मुकाट्याने परत आत आला. घाटमाथ्यावर थांबल्यावर मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "दादा लांब जाईल असं वाटलं." बघा, भीती ती हीच.

सुरूर फाट्याला वळलो आणि हायवेचा गोंगाट मागे राहिला. वाईपर्यंतचा रस्ता निवांत आहे. लॉजवर सामान टाकून जेवलो, ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ कृष्णेच्या घाटावर आहे. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा घाट पाहिला. घाटावरची मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. कुरिअरवाल्याने तिथे बराच वेळ काढला. त्याच्या घरून पहिल्यांदाच कोणी तरी निव्वळ फिरायला म्हणून बाहेर पडलंय, असं तो म्हणाला, आणि फोटो काढून लगेच घरी पाठवले.

उन्हं कलल्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात ब्रेकचा सराव. लायसनच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लागतो, पण जोरात ब्रेक मारून थांबून दाखवा, असं सहसा कोणी सांगत नाही. आणि रस्त्यावर जीव वाचवायला हीच गोष्ट लागते. विटेचे दोन तुकडे ठेवले, एक ब्रेक लावायची खूण, एक थांबायची. आधी तीसच्या वेगाने, मग चाळीस.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, पण ते दोन्ही चाकांना असतंच असं नाही. पल्सरला फक्त पुढच्या चाकाला. पोराने मागचा ब्रेक दाबला तशी मागचं चाक मातीत फराफरा घसरलं आणि त्याला पहिल्यांदा कळलं की थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्याला दाबलं जातं, मागचं हलकं होतं. स्प्लेंडर जुनी, तिला एबीएस नाही आणि पुढेही जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेकच. पण सगळ्यात छान थांबत होता तो कुरिअरवालाच. पुढचा ब्रेक झटक्याने न ओढता आधी हलकेच टेकवायचा, वजन पुढे आलं की आवळत जायचा, हे त्याचा हात रोज लक्ष्मी रोडच्या गर्दीत करत आलाय. मी पल्सरवाल्याला त्याच्याकडे शिकायला उभा केला. कुरिअरवाला लाजला, पण शिकवलं त्याने नीट.

रविवार, २५ जानेवारी : वाई, पसरणी, आंबेनळी, महाड

लाँग वीकेंडला महाबळेश्वरला राहायचं नाही, हा आमचा नियम. सकाळी सव्वासातला वाई सोडली तेव्हा पसरणी घाट जवळजवळ रिकामा होता. चढताना उजव्या हाताला धोम धरणाचं पाणी आणि कृष्णेचं खोरं उलगडत जातं. एकदा मुद्दाम थांबून सगळ्यांना ते बघू दिलं, कारण गाडी चालवताना दरीकडे बघायचं नाही हा नियमही पाळायचा असतो. घाटात रांग एकेरी. हेअरपिनला एसटी पूर्ण रस्ता घेते, तिला दुसरा इलाजच नसतो. त्यामुळे हॉर्न द्यायचा, डावी कड धरायची आणि चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. नऊच्या सुमाराला पाचगणीत मुंबईच्या आणि गुजरातच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. स्ट्रॉबेरीचा एक डबा घेतला, उभ्याउभ्या संपवला, आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेतल्या कोंडीतून कसेबसे पार झालो.

पुढे आंबेनळी. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. चाळीसेक किलोमीटरमध्ये एवढं खाली यायचं. घाट सुरू व्हायच्या आधी गाड्या बंद करून मी सगळ्यांशी बोलले. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली होती आणि फक्त एकजण वाचला होता, हे त्यांना सांगितलं. घाबरवायला सांगितलं नाही. आपण कुठल्या रस्त्यावर आहोत ते माहीत असावं, एवढ्यासाठी. मग कामाचं : दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, अॅक्सिलरेटर सोडायचा, इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. ब्रेक वळणाच्या आधी, थोडा वेळ, नीट, आणि सोडायचा. सतत टेकवून ठेवला तर तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. क्लचला वळणात हात नाही, तो दाबला की इंजिन गाडीला धरत नाही.

पहिली चार-पाच वळणं बरी गेली. सहाव्याला, उतार जरा तीव्र झाला तिथे, आरशात मला हंटर अचानक मोठी झालेली दिसली. इंजिनाचा आवाज नव्हता. मी उजवीकडे सरकून तिला डावी बाजू मोकळी करून दिली आणि हाताने "सावकाश" केलं. ती माझ्या शेजारून चार-पाच फुटांवरून पुढे गेली. सुदैवाने वळण संपून सरळ तुकडा लागला होता. तिथे तिने दोन्ही ब्रेक लावून गाडी कडेला घेतली, पाय टेकवले आणि तशीच बसून राहिली. तोंड पांढरंफटक पडलेलं. काका मागून आले, त्यांनी बुलेट स्टँडला लावली, तिच्या गाडीची किल्ली बंद केली आणि तिला उतरवून कठड्यापाशी सावलीत बसवलं. पाणी दिलं.

"ताई, मी ब्रेक दाबत होते. जोरात दाबत होते. गाडी थांबतच नव्हती, उलट पळत होती."

मी तिला म्हटलं, दाबत होतीस तो हात दाखव. तिने डावा हात वर केला.

अॅक्टिव्हाला डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. दहा वर्षं, रोज, दिवसातून शेकडो वेळा तिच्या डाव्या हाताने ब्रेक दाबलाय. मोटरसायकलला त्याच जागी क्लच आहे. सपाटीवर, शांतपणे चालवताना तिला हे पक्कं माहीत असतं. पण घाबरली तशी जुनी सवय वर आली, डावी मूठ आवळली गेली, क्लच दाबला गेला, इंजिनाने धरलेली गाडी मोकळी झाली आणि उतारावर सुसाट निघाली. गाडी पळते म्हणून ती आणखी आवळते, आवळते म्हणून गाडी आणखी पळते. पुण्यात स्कूटरवर वाढलेली माणसं, बायका असोत की पुरुष, गिअरच्या गाडीवर आली की हे होतं, आणि गाडी विकताना हे कोणी सांगत नाही. तिच्यात काही कमी आहे म्हणून झालं नाही. हात त्याचं काम चोख करत होता, फक्त गाडी वेगळी होती.

हे सगळं मी सांगितलं, पण तिचा चेहरा सुटला तो काकांमुळे. ते शेजारी दगडावर बसले आणि म्हणाले, "अगं, माझ्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आहे, तुला दाखवला ना काल? मुलाची नवी गाडी घेतली हातात, की आजही माझा डावा पाय ब्रेक शोधतो. चाळीस वर्षांची सवय आहे ती. ती जात नसते बाळ. तिच्यावर नवी सवय चढवावी लागते."

"कशी?"

"करून करून. चल."

मग गाडी बंद ठेवून, मेन स्टँडवर, त्या कठड्यापाशीच काकांनी तिच्याकडून घोकून घेतलं. काका "ब्रेक!" म्हणणार, तिने उजवा हात आणि उजवा पाय दाबायचा, डावा पंजा पूर्ण उघडा, बोटं ताठ, मुठीवरून सुटलेली. पुन्हा. पुन्हा. बोलता बोलता, खाली जाणाऱ्या एसटीकडे बघता बघता, मध्येच "ब्रेक!" पहिल्या काही वेळा डावी बोटं आत वळलीच. नंतर कमी. पल्सरवाला आधी नुसता बघत उभा होता, मग आपणहून त्याच्या गाडीवर बसून तेच करायला लागला. पाऊण तास गेला त्यात. कोणी घड्याळ बघितलं नाही, आणि या गोष्टीचा मला त्या माणसांबद्दल अभिमान वाटला.

तिला मी विचारलं, पुढे चालवणार का, की धाकटा हंटर घेईल आणि तू माझ्या मागे बसशील? दोन्ही सारखंच चांगलं आहे. हा पर्याय खरा असावा लागतो. "नाही" म्हटलं तर कोणी हिरमुसणार नाही याची खात्री असेल तरच "हो" ला अर्थ असतो. ती म्हणाली, चालवते, पण हळू. डाव्या हाताची बोटं क्लचवर ठेवायचीच नाहीत, मूठ धरायची, गिअर दुसरा, असं ठरलं. वाडा कुंभरोशीपर्यंत आम्ही वीस-पंचवीसच्या वेगाने उतरलो. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला काका हात करून पुढे काढून देत होते. प्रतापगडाच्या फाट्यावर थोरला एक्सपल्सवाला उभा होता, त्याला बघून तिने मान हलवली. गडावर गेलो नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला जिथे अफझलखान मारला गेला ती जागा रविवारच्या गर्दीत, धावत्या भेटीत बघावी असं कोणालाच वाटेना.

खाली पोलादपूरला हवा एकदम बदलली, उकडायला लागलं, जॅकेटच्या चेन उघडल्या. तिथून महाड मुंबई-गोवा हायवेने सरळ. जेवणात सोलकढी आली तेव्हा बँकेतली मुलगी पहिल्यांदा मनापासून हसली.

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी इथे पाणी प्यायलं. कुरिअरवाला चप्पल काढून पायऱ्यांपाशी हात जोडून उभा राहिला. त्याची आजी इथे येऊन गेली होती. घरी तिचा तळ्याजवळचा फोटो आहे. त्याने फोन लावला आणि आम्ही थोडं लांब जाऊन बसलो.

सोमवार, २६ जानेवारी : महाड, वरंधा, भोर, कात्रज

बिरवाडीवरून निघालो. वरंधच्या अलीकडे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदन चालू व्हायचं होतं. गाड्या बंद करून रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहिलो. गुरुजींनी आत बोलावलं. मुलांची कवायत झाली, भाषणं झाली, आम्हालाही जिलेबी मिळाली. चौथीतल्या एका मुलीने बँकेतल्या मुलीला विचारलं, "ही गाडी तुझी?" हो म्हटल्यावर तिने हंटरभोवती एक फेरी मारली आणि टाकीवर हात फिरवून बघितला.

वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बऱ्याचदा बंद असतो. ज्यांना जायचं त्यांनी थंडीत जावं आणि आधी चौकशी करून जावं. रुंदीकरणाच्या कामामुळे मध्येमध्ये डांबर उखडून खडी पसरलेली. खडीवर नवखा माणूस हँडल घट्ट आवळतो, आणि पुढचं चाक थोडंसं हललं तरी पुढचा ब्रेक ओढतो. पडतो तो त्यामुळेच. खडीत चाक इकडेतिकडे हलणारच, ते हलू द्यायचं. फुटरेस्टवर किंचित उठून उभं राहायचं, गुडघ्याने टाकी धरायची, हात ढिले, दुसरा गिअर, मूठ स्थिर, नजर लांब. ब्रेक लागलाच तर मागचा. एक्सपल्सवाल्या भावांचा हा आवडता विषय. धाकट्याने एकाच तुकड्यावरून तीन फेऱ्या मारून दाखवल्या. पल्सरवाला इथे खरा खुलला. शनिवारी जो सतत पुढे घुसायला बघत होता, त्याने स्वतःहून अंतर वाढवलं, कारण पुढच्या टायरखालून उडणारे खडे काचेवर बसत होते. काही गोष्टी रस्ता माझ्यापेक्षा चांगल्या शिकवतो.

वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्या आहेत. कांदाभजी, चहा, समोर कोकणात तुटत गेलेले कडे. माकडं भज्यांवर टपलेली, हेल्मेटसुद्धा उचलून नेतात, म्हणून हेल्मेट मांडीवर ठेवून खायचं.

उतार भोरच्या बाजूला सौम्य आहे. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठून रस्ता वळत जातो. इथे मी बँकेतल्या मुलीला विचारून जागा बदलली. ती पुढे, मी तिच्या मागे. ती ठरवेल तो वेग. मागून मला फक्त तिचा डावा हात बघायचा होता. एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला. तिच्या ब्रेकचा दिवा लागला, हंटर सरळ रेषेत मंदावली, आणि डावा पंजा क्षणभर मुठीवरून उघडला, पाचही बोटं ताठ. थांबता थांबता शेवटच्या फुटाला क्लच दाबला, पाय टेकवला. म्हशी गेल्या. तिने पहिला टाकला आणि निघाली. मागून काकांचा हॉर्न दोनदा वाजला. काका उगाच हॉर्न देत नाहीत.

भोरला जेवून कापूरहोळला हायवेला लागलो. सुट्टी संपवून सगळे पुण्याकडे निघालेले. खेड शिवापूरनंतर पुन्हा जुन्या घाटाकडे वळायचं ठरलेलंच होतं. पल्सरवाल्याने चहाला थांबलो तेव्हा विचारलं, बोगद्याने लवकर होईल ना? मी त्याला नवले पुलाचं सांगितलं. नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका टँकरने चाळीसच्या वर गाड्या उडवल्या. डिझेल वाचवायला काही जण अशा उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात. मग इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून सुटतात. तो ऐकत होता. बँकेतली मुलगी म्हणाली, "म्हणजे काल माझं झालं तेच. वीस टनांचं." आपण आपला गिअर सांभाळला तरी मागून येणाऱ्याचा गिअर आपल्या हातात नसतो. नवख्यांना घेऊन मी त्या उतारावर लांब वीकेंडच्या संध्याकाळी जात नाही.

जुन्या बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा पुणं खाली धुरकट दिसत होतं. कात्रजला उतरून चहा झाला. चेन पुसल्या. कुरिअरवाल्याला उद्या सातला कामावर हजर व्हायचं होतं, तो आधी निघाला. जाताना काकांच्या पाया पडला. काकांनी त्याला चेनचं तेल दिलं, उरलेली अर्धी बाटली, आणि दर पाचशे किलोमीटरला लावायचं म्हणून बजावलं.

पुढच्या रविवारी बोपदेव घाटाने नारायणपूर ठरलंय. दोघे नवीन येणार आहेत. त्यांतली एक अॅक्टिव्हावरून क्लासिकवर आलेली. मी यादी वाचत होते तेव्हा बँकेतल्या मुलीने मध्येच विचारलं, "ताई, सासवडच्या फाट्यावर या वेळी मी थांबू का?"

"काका दिसेपर्यंत हलायचं नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "आणि त्या नवीन ताईला निघायच्या आधी पंधरा मिनिटं माझ्याकडे द्या. तिचा डावा हात मी बघते."